शिकागो विद्यापीठाची जर्नलं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, साहित्य अशा विषयांत पीएच.डी. करणारी मुलं आणि कॉलेजात नव्याने लागलेले प्राध्यापक जर्नलांबद्दल, म्हणजे संशोधनाचे लेख छापणाऱ्या नियतकालिकांबद्दल, मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणासाठी एकच विद्यापीठ धरलं आहे. सगळ्या जगातल्या जर्नलांबद्दल एका दमात बोलायला गेलं की हाती गुळमुळीत सल्ल्यांपलीकडे काही लागत नाही. गरज पडेल तिथे हार्वर्ड, ड्यूक आणि आपलं पुणेही येईल.

शिकागो विद्यापीठ म्हणजे ते मोल्सवर्थवालंच ना?

तेच. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे सगळं आपण ज्या संकेतस्थळावर फुकट चाळतो, ते या विद्यापीठाचं. मराठीत लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचं शिकागोशी एवढंच नातं असतं आणि ते काही थोडं नाही.

जर्नलं मात्र विद्यापीठाचं प्रकाशनगृह काढतं. विद्यापीठ स्थापन झालं १८९० साली आणि प्रकाशन हे पहिल्यापासून त्याचं एक मुख्य अंग होतं. वर्ग सुरू झाले १८९२ मध्ये. त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ निघालं. म्हणजे भिंतींचा गिलावा वाळायच्या आत जर्नल हजर.

तिथून कोणकोणती जर्नलं निघतात?

आज ऐंशी-नव्वदच्या घरात. सगळ्यांची यादी देत नाही. आपल्या विषयांतली ठळक अशी : अर्थशास्त्रात वर सांगितलेलं ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ आणि विकासाच्या अर्थशास्त्रासाठी १९५२ पासूनचं ‘इकॉनॉमिक डेव्हलपमेंट अँड कल्चरल चेंज’, समाजशास्त्रात १८९५ मध्ये अल्बियन स्मॉल यांनी सुरू केलेलं ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’, मानववंशशास्त्रात ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’, साहित्य आणि सिद्धांतनासाठी ‘क्रिटिकल इन्क्वायरी’, स्त्री-अभ्यासात ‘साइन्स’, धर्माच्या अभ्यासात ‘हिस्टरी ऑफ रिलिजन्स’, नीतिशास्त्रात ‘एथिक्स’.

यातलं ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ मुद्दाम उघडून बघा. १९५९ मध्ये सोल टॅक्स यांनी ते सुरू केलं. तिथे मुख्य लेखाखाली त्याच विषयातल्या अनेक अभ्यासकांची मतं छापतात, आणि त्याखाली लेखकाचं उत्तर. एरवी लेख छापण्याआधी तो तपासणाऱ्या समीक्षकाचा शेरा बंद पाकिटात राहतो. इथे भांडण अंगणात होतं आणि वाचकाला सगळं दिसतं. वाद कसा घालावा हे शिकायला मला याहून चांगली शाळा माहीत नाही.

जर्नल ‘विद्यापीठाचं’ म्हणजे नेमकं कुणाचं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि तोच आधी विचारायला हवा.

तीन गोष्टी वेगळ्या धरा : मालकी, संपादन आणि प्रकाशन. काही जर्नलांत तिन्ही एकाच छपराखाली असतात. अनेकदा मात्र मालक एखादी अभ्यासकांची संस्था असते, संपादक कुठल्या तरी तिसऱ्याच विद्यापीठात बसलेला असतो आणि छापणं, विकणं, वर्गणी गोळा करणं तेवढं प्रकाशनगृहाकडे असतं. विज्ञानाच्या इतिहासाचं ‘आयसिस’ जॉर्ज सार्टन यांनी १९१२ मध्ये बेल्जियममध्ये सुरू केलं. ते हिस्टरी ऑफ सायन्स सोसायटीचं. ‘साइन्स’ शिकागो छापतं, पण त्याचं संपादकीय कार्यालय काही वर्षांनी बिऱ्हाड बदलतं : १९७५ मध्ये बर्नार्ड कॉलेजात सुरुवात झाली, पुढे स्टॅनफर्ड, रटगर्स, नॉर्थईस्टर्न अशी ठिकाणं झाली. हार्वर्डचं ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ संपादित होतं हार्वर्डात, आणि छापतं ऑक्सफर्ड.

जर्नलं घरही सोडून जातात. ‘रेनेसान्स क्वार्टर्ली’ २०१९ मध्ये शिकागोहून केंब्रिजकडे गेलं. ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ २०२३ मध्ये केंब्रिजहून ड्यूककडे आलं. त्यामुळे जुन्या पुस्तकात दिलेल्या पत्त्यावर लेख पाठवू नका. आजचा प्रकाशक कोण ते आधी पाहा.

संपादकाच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगतो, विषय जरा बाजूचा आहे. ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ हे खगोलशास्त्राचं जर्नल तेव्हा शिकागोकडे होतं. १९५२ ते १९७१ अशी जवळपास वीस वर्षं त्याचं संपादन सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी केलं. नोबेल मिळवणाऱ्या माणसाने इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेखांमध्ये घातली. तुमच्या पेपरला उत्तर यायला वेळ लागला की हे आठवावं, राग थोडा कमी होतो.

यात आपल्याकडचं काही छापून येतं का?

येतं, आणि कधी कधी अशा ठिकाणी की तुम्ही तिथे शोधायलाच जाणार नाही.

इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांत घरोघरी जाऊन वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. पीक काय आलं, काय विकलं, काय खाल्लं, कर्ज किती काढलं. त्या सुरुवातीच्या सहा गावांपैकी चार महाराष्ट्रातली : अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण. या नोंदींवर ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त गाजलेले लेख आले. १९८९ मध्ये मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी लेकी लांबच्या गावी का देतात, याचा एक आर्थिक अर्थ मांडला : इथे पाऊस हुकला तरी तिथे पडलेला असू शकतो, आणि अडीअडचणीला सोयरे धावतात. १९९३ मध्ये रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी बैलांवर लिहिलं. वाईट वर्षी शेतकरी बैल विकून घर चालवतो, त्यामुळे शेतीला लागतात तितके बैल त्याच्या दावणीला राहत नाहीत.

आपल्या आजीला हे ठाऊक होतं, असं कुणीही म्हणेल. खरंच आहे. पण आजीच्या म्हणण्याचं वजन किती आणि ते कुठवर खरं, हे मोजून दाखवायला ती नोंदवही लागली. आमच्याकडच्या किती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कानझऱ्याचं नाव ऐकलंय, हे मी दर वर्षी वर्गात विचारतो. हात वर येत नाहीत.

शिकागोबाहेरचं एक उदाहरण द्यायलाच हवं. इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरचा लेख इंग्रजीत ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये १९६२ साली आला. तो आधी मराठीत, मराठी वाचकांसाठी लिहिलेला लेख होता. वारीवर परदेशात लिहिणारे अभ्यासक आजही त्याचा संदर्भ देतात.

मग मराठीत लिहिलेला लेख ही जर्नलं घेतात का?

घेत नाहीत, इंग्रजीतच द्यावा लागतो. मूळ साहित्य मात्र भारतीय भाषेतलं असू शकतं. ‘क्रिटिकल इन्क्वायरी’ने १९८१ मध्ये महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ ही बंगाली कथा गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्या इंग्रजी अनुवादात, त्यांच्या प्रस्तावनेसह छापली होती. एखाद्या मराठी कथेवर, बखरीच्या एखाद्या प्रकरणावर किंवा आत्मचरित्रातल्या उताऱ्यावर असं काम कुणी का करू नये?

आणि इंग्रजीत लिहिलं म्हणजेच संशोधन, असंही समजू नका. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ काढलं तसंच मराठी ‘परामर्श’ही काढलं. मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ १९८३ पासूनचं. भाषेबद्दलचा एखादा बारीक मुद्दा तिथे चार पानांत मांडला, तर तो कळणारे वाचक तिथेच भेटतात. शिकागोच्या समीक्षकाला आधी ‘ळ’ म्हणजे काय, इथपासून सांगत बसावं लागेल.

मराठी संदर्भ तळटिपांत कसे द्यायचे?

शिकागोची स्वतःची शैलीपुस्तिका आहे. ती १९०६ मध्ये पहिल्यांदा निघाली आणि २०२४ मध्ये तिची अठरावी आवृत्ती आली. तिच्यात दोन पद्धती आहेत : तळटिपा आणि ग्रंथसूची, किंवा मजकुरातच लेखकाचं नाव आणि साल. इतिहास-साहित्यवाले बहुधा पहिली वापरतात, सामाजिक शास्त्रांतले दुसरी. जर्नल सांगेल ती धरायची.

मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिप्यंतर करून द्यायचं आणि पुढे कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. इथे आपले लोक फार गडबड करतात. ‘ज्ञ’चंच बघा. अभ्यासकांच्या लिप्यंतरात तो ज आणि ञ यांचा जोड म्हणून येतो. आपल्या दुकानांच्या पाट्यांवर तो ‘डी-एन-वाय’ असतो. एकाच लेखात ज्ञानेश्वर दोन रूपांत आले की समीक्षकाला वाटतं, माणसं दोन आहेत. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ लिहायचा की गाळायचा हेही आधी ठरवा. संस्कृतवाले ठेवतात, मराठीवाले उच्चाराप्रमाणे बरेचदा गाळतात. काहीही ठरवा, पण पहिल्या टिपेपासून शेवटच्या टिपेपर्यंत तेच पाळा, आणि सुरुवातीला एका ओळीत तसं सांगून टाका.

जुन्या पुस्तकांवर शक असतो. शके १८१७ म्हणजे १८९५-९६. दोन्ही द्या, नुसता शक दिला तर परदेशी वाचक चक्रावेल. पुण्याच्या पुराभिलेखागारातली मोडी कागदपत्रं वापरली असतील, तर दफ्तराचं नाव आणि रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गाठोड्याचा, क्रमांक यांवाचून टीप पुरी होत नाही. ‘पेशवे दफ्तरातून’ एवढंच लिहिणं म्हणजे मुंबईतल्या माणसाचा पत्ता ‘मुंबई’ असा देण्यासारखं आहे.

आमच्या कॉलेजात एकही जर्नल येत नाही. वाचायचं कसं?

निरनिराळ्या वाटा आहेत.

जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःच्या नावाने मोफत खातं उघडा. महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, पण पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला हे पुरून उरतं. अमेरिकेत १९२३ च्या आधी छापलेले त्यांच्याकडचे जर्नलांचे अंक तर खात्याशिवाय, सगळ्यांसाठी खुले आहेत. ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’चा १८९५ चा पहिला खंड घरबसल्या वाचता येतो.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठांची प्रकाशनगृहं त्यात आहेत. मेख अशी की योजना सरकारी संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली कितीतरी कॉलेजं शिक्षणसंस्थांनी चालवलेली, अनुदानित. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला ‘देशभर सगळ्यांना मोफत’ अशी बातमी वाचून आनंद होतो आणि ग्रंथालयात गेल्यावर तो उतरतो. अशा कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेची ‘एन-लिस्ट’ ही ई-जर्नलं देणारी जुनी योजना आहे. ती चालू आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. पुष्कळदा वर्गणी भरलेली असते आणि पासवर्ड कुणी मागितलेलाच नसतो.

आणि शिकागोच्या बहुतेक जर्नलांचे लेखक आपल्या लेखाची प्रत देतात. मागून तर बघा.

एका लेखाला पंचवीस-तीस डॉलर मागतायत. भरू का?

नाही. लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहा : मी अमुक विषयावर काम करतो, आपला लेख हवा आहे. बहुतेक जण त्याच दिवशी पाठवतात. आपला लेख कुणी तरी वाचायला मागतंय, याचं त्यांनाही अप्रूप असतं.

लेख छापायला पैसे द्यावे लागतात का?

छापण्यासाठी सहसा नाही. हा खर्च वर्गणीतून निघतो. लेख सगळ्यांना खुला हवा असेल तर शुल्क भरण्याचा पर्याय असतो, तो ऐच्छिक. काही जर्नलं लेख पाठवतानाच शुल्क घेतात, ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ त्यांपैकी एक. ते तपासणीसाठी असतं. लेख घेवोत न घेवोत, परत मिळत नाही.

‘तीन दिवसांत स्वीकृती, आठ दिवसांत प्रकाशन, शुल्क फक्त अडीच हजार’ असा निरोप आला, तर तो कुठल्या विद्यापीठाच्या नावाने आलाय हे पाहायचीही गरज नाही.

लेख पाठवल्यावर आत काय होतं?

आधी संपादक वाचतो. बरेच लेख इथूनच परत येतात, समीक्षकांपर्यंत जातच नाहीत. कारण बहुतेक वेळा दर्जा नसतं, पत्ता चुकलेला असतो : सर्वेक्षणाचा लेख ‘क्रिटिकल इन्क्वायरी’ला, नाहीतर कवितेवरचा लेख समाजशास्त्राच्या जर्नलला. ज्या जर्नलला लेख पाठवायचा, त्याचे मागच्या दोन वर्षांचे अंक वाचलेले नसतील तर पाठवू नका. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींपैकी आठ इथेच मिटल्या असत्या.

पुढे लेख दोन-तीन समीक्षकांकडे जातो. त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत. ते शिकवून, पेपर तपासून, घरची कामं उरकून वाचतात. चार-सहा महिने लागणं साधं आहे. सहा महिन्यांनी संपादकाला नम्र स्मरणपत्र लिहायला हरकत नाही. तिसऱ्या आठवड्यात लिहू नका.

उत्तर बहुधा ‘सुधारून पुन्हा पाठवा’ असं येतं. आपल्याकडे लोक याला नकार समजून लेख बासनात बांधतात! ही चांगली बातमी असते. समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून घ्यायचा, त्याखाली आपण काय बदललं ते लिहायचं, आणि पटलं नाही तिथे का पटलं नाही ते सांगायचं. सगळ्याला मान डोलावली तरी संपादकाच्या लक्षात येतं.

नाकारलाच तर?

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा लेख तीन जर्नलांनी परत केला होता. त्यांत शिकागोचं ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ही होतं. शेवटी तो १९७० मध्ये हार्वर्डच्या जर्नलात आला आणि २००१ मध्ये लेखकाला नोबेल मिळालं. ब्लॅक आणि शोल्स यांचा ऑप्शन या शेअरबाजारातल्या कराराच्या किमतींवरचा लेखही शिकागोने आधी नाकारला होता. शिकागोतलेच अर्थशास्त्रज्ञ मर्टन मिलर आणि युजीन फामा यांनी संपादकांकडे शब्द टाकला, मग १९७३ मध्ये तो त्याच जर्नलात छापला गेला.

या गोष्टी सांगताना मला थोडी भीतीही वाटते. नाकारलेला प्रत्येक जण स्वतःला अ‍ॅकरलॉफ समजायला लागतो. बहुतेक नकार रास्त असतात. आठवडाभर लेख बाजूला ठेवा आणि मग शेरे पुन्हा वाचा.

विद्यापीठाचं नाव आहे म्हणजे जर्नल खात्रीचं, असं धरायचं का?

नाही. ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाच्या ‘सोशल टेक्स्ट’मध्ये १९९६ साली अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने मुद्दाम अर्थहीन लेख पाठवला आणि तो छापून आला. नंतर त्यानेच ते जाहीर केलं. त्या जर्नलात तेव्हा बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी होत नव्हती. त्या प्रकरणातून काहींनी सगळी मानव्यविद्याच पोकळ ठरवली; ते मला कधी पटलं नाही. पण मुखपृष्ठावरच्या नावाने तपासणीचं काम होत नाही, एवढं त्यातून पक्कं झालं.

आपल्याकडचं तर याहून बोलकं आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेली जर्नलं होती. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यांतली १,००९ तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत. विद्यापीठांनीच सुचवलेली! त्यानंतर ४,३०५ जर्नलं यादीतून गेली, पुणे विद्यापीठात केंद्र ठेवून खात्रीच्या जर्नलांची ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता पारखायची जबाबदारी संस्थांवर आहे, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्यावर.

शिवाय नामांकित जर्नलांच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढणारेही आहेत. मेलमध्ये आलेल्या दुव्यावरून कधीच जाऊ नका. प्रकाशनगृहाच्या मुख्य पानावरून आत शिरा.

पेपर कॅसला, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीला, धरतील का? पीएच.डी.साठी लागतोच का?

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यासाठी पेपर छापलेला असण्याची यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत गेली. तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो बघा. कॅसबद्दल आपल्या आयक्यूएसीकडून (कॉलेजातल्या गुणवत्ता कक्षाकडून) लेखी घ्या. तोंडी ‘चालेल हो’ वर कुणीही विसंबू नये.

एकच लेख दोन जर्नलांना एकदम पाठवला तर?

पाठवू नका. पकडला जातो, आणि दोन्ही दारं बंद होतात.

थेट मोठ्या लेखाऐवजी पुस्तक-परीक्षणापासून सुरुवात करता येते का?

येते, पण परीक्षणं बहुधा संपादकच मागवतात. आपण होऊन लिहून पाठवलेलं परीक्षण क्वचितच घेतात. परीक्षण-संपादकाला आपला विषय, आपल्याला येणाऱ्या भाषा आणि केलेलं काम तीन-चार ओळींत कळवून ठेवा. भाषांचा उल्लेख विसरू नका. मराठी, मोडी आणि थोडी फारसी वाचणारा माणूस त्यांना सहज सापडत नाही. दख्खनवरचं एखादं नवं पुस्तक टेबलावर आलं की त्यांना तुमचं पत्र आठवेल.